झाकण उघडण्याआधी

(भिलाई-३ येथील स्मृतिव्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

१२ जून २०१४ रोजी संध्याकाळी भिलाई पोलाद कारखान्याच्या एका पंपघरात वायू शिरला आणि सहा जण दगावले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. पंपघर पाण्याचे होते. ब्लास्ट फर्नेसमधून निघणारा वायू धुऊन घेण्यासाठी जे पाणी लागते, त्याच्याशी जोडलेले. त्या दिवशी पाण्याचा दाब पडला आणि ज्या नळातून पाणी जायचे त्याच नळातून कार्बन मोनॉक्साइड उलटा आला. या वायूला रंग नाही, वासही नाही. मदतीला धावलेलेही त्याच्या तडाख्यात सापडले.

नळात काय चालले आहे ते नळाबाहेरून कळत नाही, हे भिलाईला कुणी शिकवायला नको. कारखान्याने हे ओळखूनच दाबमापक, वायुमापक, नियंत्रण कक्ष आणि पाळीगणिक नोंदवही अशी सगळी व्यवस्था उभी केली, आणि एवढे असूनही ती संध्याकाळ ओढवली. मग ज्या शहराच्या मलवाहिन्यांवर यांतले एकही साधन नाही, जिथे आत काय आहे हे कळण्याचा मार्ग म्हणजे झाकण उघडून माणसाने डोकावणे एवढाच आहे, त्या शहराची अवस्था काय समजायची?

मलवाहिनीत साचलेल्या मैल्यातला ऑक्सिजन संपला की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि माणूस सावध होतो. पण प्रमाण शंभर पीपीएमच्या घरात गेले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून कामगार खाली उतरतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे चेंबरच्या तळाशीच बसलेला असतो. पहिला कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा घटनांच्या बातम्यांत मृतांचा आकडा अनेकदा एकावर थांबत नाही तो याच कारणाने. तोच वायू वाहिनीच्या वरच्या ओलसर भागात जिवाणूंच्या करामतीने गंधकाम्ल होतो आणि काँक्रीट आतून खात राहतो. रस्त्याला एका रात्रीत भगदाड पडले म्हणून लोक हळहळतात. ते भगदाड खालून कित्येक वर्षे तयार होत आलेले असते.

कायदा या बाबतीत मागे नाही. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्धचा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. २०१३ च्या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टाक्यांची धोकादायक सफाईही त्यात आणली. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम तीस लाखांवर नेली. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या बेझवाडा विल्सन यांना २०१६ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. एवढे सगळे होऊनही माणसे उतरतात, कारण तुंबलेल्या चेंबरपाशी उभ्या असलेल्या मुकादमाच्या हातात दुसरे काही नसते. वरिष्ठांचा फोन आणि रहिवाशांची आरडाओरड मात्र असते.

माहिती तंत्रज्ञानाचा प्रश्न इथून सुरू होतो. आपल्याकडे तो बहुधा उलट्या टोकाने सुरू केला जातो. २०१५ मध्ये स्मार्ट सिटी अभियान आले तेव्हा शहरोशहरी वातानुकूलित नियंत्रण कक्ष उभे राहिले. भिंतभर पडदा, त्यावर रंगीत आलेख. पाहुण्यांना दाखवायला उत्तम. पण रस्त्याखाली किती मीटर मलवाहिनी आहे, कुठल्या व्यासाची आहे आणि कुठल्या दिशेने उतरते हे विचारले, तर उत्तर पडद्यावर सापडत नाही. ते निवृत्तीला आलेल्या एखाद्या मुकादमाच्या डोक्यात असते. कुठला चेंबर डांबराच्या तीन थरांखाली गाडला गेला, कुठे नव्या इमारतीची जोडणी रात्रीतून झाली, कुठली लाइन कागदावर आहे पण प्रत्यक्षात कधी टाकलीच गेली नाही, हे सगळे त्याला पाठ असते. ३१ तारखेला त्याला नारळ आणि शाल मिळते, आणि शहराचा नकाशा त्याच्याबरोबर घरी जातो.

म्हणून पहिले काम नकाशाचे. आणि हे काम वाटते तितके सोपे नाही. हातातल्या मोबाइलवरचा जीपीएस काही मीटरनी चुकतो. अरुंद गल्लीत तेवढ्यात चेंबर एका घराच्या ओट्याखालून दुसऱ्याच्या ओट्याखाली जातो. त्याहून महत्त्वाची असते खोली. मलवाहिनी चालते ती उतारावर. मैला तळाशी बसू नये म्हणून पाण्याला सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग लागतो आणि तो वेग ठरतो दोन चेंबरांच्या तळांमधल्या फरकावर. हा फरक कधी कधी काही सेंटिमीटरांचाच असतो. तो मोबाइलने मोजता येत नाही. त्याला लेव्हलिंगचे यंत्र, पट्टी आणि उन्हात उभी राहणारी दोन माणसे लागतात. झाकणाची पातळी, तळाची पातळी, व्यास, पाइप कशाचा, कुठल्या साली टाकला, शेवटचा कधी साफ केला, एवढे रकाने प्रत्येक चेंबरपुढे भरले गेले, की मग संगणकाला काही काम उरते. नाही तर तो फक्त चित्रे काढतो.

पुण्याच्या शेल्टर असोसिएट्सचे उदाहरण इथे घ्यावेसे वाटते. वास्तुविशारद प्रतिमा जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही संस्था १९९३ पासून काम करते. सरकारी नकाशांवर झोपडपट्ट्या म्हणजे बहुधा कोरी जागा किंवा एकच राखाडी डाग असायचा. या संस्थेने पुणे, सांगली-मिरज, कोल्हापूर यांसारख्या शहरांत वस्त्यांचे घरोघर सर्वेक्षण केले, ती घरे उपग्रहचित्रांवर आणि जीआयएसवर बसवली आणि जवळून जाणारी मलवाहिनी त्याच नकाशावर आणली. त्यातून एक साधा प्रश्न विचारता येऊ लागला: या घराच्या दारापासून ड्रेनेजची लाइन किती अंतरावर आहे? लाइन हाकेच्या अंतरावर असेल तर त्या घराला सामूहिक शौचालयाच्या रांगेत उभे करायचे कारण काय? घरटी शौचालयाच्या त्यांच्या कामाचा पाया हा असा आहे. महागडे सेन्सर कुठेच नाहीत. दोन थर एकावर एक ठेवले, एवढेच केले.

नकाशा झाला की गणित करता येते. वाहत्या पाण्याची समीकरणे फ्रान्सच्या साँ-व्हनाँने १८७१ मध्ये मांडली. ती शहराच्या वाहिन्यांसाठी सोडवणारी अमेरिकी पर्यावरण संस्थेची प्रणाली बरोबर शंभर वर्षांनी, १९७१ मध्ये आली. एसडब्ल्यूएमएम या नावाने ती आजही फुकट मिळते आणि जगभर वापरली जाते. म्हणजे सॉफ्टवेअरला पैसे नाहीत ही सबब गेली पन्नास वर्षे खोटी आहे. पैसे आणि माणसे लागतात ती त्यात भरायचे आकडे गोळा करायला.

सेन्सरांचे जे उदाहरण आवर्जून सांगावे, ते एका औद्योगिक शहराचेच आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातले साउथ बेंड. एके काळी स्टुडबेकर मोटारींसाठी प्रसिद्ध. १९६३ मध्ये स्टुडबेकरचा तिथला कारखाना बंद झाला. तिथल्या जुन्या वाहिन्यांत सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकत्र वाहते, त्यामुळे जोराचा पाऊस आला की न हाताळलेला मैला सरळ सेंट जोसेफ नदीत जायचा. २००८ पासून शहराने जवळच्या नोत्र दाम विद्यापीठातून निघालेल्या एका कंपनीला बरोबर घेऊन वाहिन्यांत शंभराहून अधिक पातळीमापक बसवले. त्यांतून दिसले, की एक वाहिनी ओसंडत असताना शेजारची अर्धी रिकामी असते. मग झडपा बसवल्या, संगणक त्या उघडझाप करू लागला, आणि नव्या वाहिन्या न खणता जुन्यांतच जागा सापडली. नदीत जाणारा मैला मोठ्या प्रमाणात कमी झाला. पण हेही ध्यानात घ्यावे, की साउथ बेंडकडे वाहिन्या आणि त्यांचा नकाशा आधीच होता.

महाराष्ट्रात मुंबईची गोष्ट निराळी. तिथे मैला आणि पावसाचे पाणी यांच्या वाहिन्या मुळात वेगळ्या आहेत. वरळी आणि वांद्र्याला मैला समुद्रात तीनेक किलोमीटर आत नेऊन सोडणारे बोगदे आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यावर महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. पाऊस किती पडतो आहे, हे मुंबईला आता पंधरा-पंधरा मिनिटांनी कळते. तरी २९ ऑगस्ट २०१७ ला डॉ. दीपक अमरापूरकर एल्फिन्स्टन रोड भागात पाण्याखाली न दिसणाऱ्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून वाहून गेले. पोटाचे विकार तपासणारा नामांकित डॉक्टर, घरी चाललेला. ढगांची माहिती होती, पायाखालच्या झाकणाची नव्हती. पुढे २०२२ मध्ये उघड्या मॅनहोलच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेला सुचवले, की झाकण सरकताच सूचना देईल असे काही उपकरण बसवता येईल का ते पाहा. असे उपकरण बनवणे अवघड नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला बॅटरी, कल ओळखणारी चिप आणि छोटा रेडिओ. अवघड आहे ती पुढची पायरी: रात्री दोन वाजता सूचना आली तर कोण निघणार, आणि न निघाल्यास कोण जाब देणार.

याच ठिकाणी माहिती तंत्रज्ञानाचा मतलब कळतो. माहिती कुणाकडे जाते यावर ती कुणाच्या कामाची हे ठरते. नागपूर महापालिकेने काही वर्षांपूर्वी हजारो सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. चंडीगडनेही तेच केले. कामगार कुठे आहे, किती वाजता आला, हे साहेबाला बसल्या जागी दिसू लागले. कामगारांनी, त्यातही बायकांनी, या पाळतीविरुद्ध तक्रारी केल्या, आणि त्या रास्त होत्या. ज्याच्या मनगटावर हजेरीचे यंत्र बांधता येते त्याच माणसाच्या छातीवर चार वायू मोजणारे यंत्र लावता येते. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला किंवा हायड्रोजन सल्फाइड वाढला की ते कर्कश ओरडते. पोलाद कारखान्यात हे यंत्र नवलाचे नाही. नगरपालिकेने आधी हजेरीचे यंत्र घ्यावे आणि वायूचे नंतर, यात तंत्रज्ञानाचा दोष नाही. प्राधान्य ज्याने ठरवले त्याचा आहे.

हैदराबादने निराळी वाट धरली. तिथल्या पाणीपुरवठा आणि मलनिःसारण मंडळाने २०१७ मध्ये अरुंद गल्लीत शिरणाऱ्या सत्तर छोट्या जेटिंग गाड्या आणल्या. सोबतीला होती मिलिंद कांबळे यांनी पुण्यात स्थापलेली दलित उद्योजकांची संघटना, डिक्की. गाड्यांची मालकी दलित उद्योजकांकडे आणि पूर्वी याच कामात असलेल्या माणसांकडे गेली. गाडी कुठल्या चेंबरवर गेली याची नोंद होते आणि त्या नोंदीवर मालकाला पैसे मिळतात. नोंद इथे कामगाराच्या विरुद्ध नाही, त्याच्या बाजूने उभी राहते.

आता भिलाई-३ कडे. भिलाईची टाउनशिप सोव्हिएत सहकार्याने कारखान्याबरोबर आखली गेली. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि सेक्टरांना सुरुवातीपासून भूमिगत वाहिन्या होत्या. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी उन्हावर आणि शेवाळावर चालणारी ऑक्सिडेशन तळीही इथे लवकर वापरात आली; नागपूरच्या नीरीने, म्हणजे १९५८ मध्ये सुरू झालेल्या तेव्हाच्या केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संस्थेने, देशभर जे तंत्र अभ्यासले तेच. चरोदा-भिलाई-३ चा भाग मात्र रेल्वेच्या मार्शलिंग यार्डाभोवती आणि कारखान्याच्या कुंपणाबाहेर आपापल्या गतीने वाढला. २०११ च्या जनगणनेत लाखाच्या आसपास लोकसंख्या. इथल्या बहुतेक घरांमागे सेप्टिक टाकी आहे. टाकीतून बाहेर पडणारे पाणी उघड्या नाल्यात जाते आणि नाला शेवटी शिवनाथ-खारूनच्या पाण्याला मिळतो. अशा गावाला साउथ बेंडची नक्कल उपयोगाची नाही. त्याने वाई आणि सिन्नरकडे पाहावे.

वाई म्हणजे कृष्णाकाठचे, २०११ च्या जनगणनेत छत्तीस हजार वस्तीचे गाव. सिन्नर नाशिकजवळचे, त्याच जनगणनेत पासष्ट हजारांचे. दोन्हीकडे भुयारी गटार नाही. अशा गावांत एरवी काय होते, तर टाकी भरून संडास मागे उलटला, की घरमालक मैला टँकरवाल्याला फोन करतो. तोवर आठ-दहा वर्षे गेलेली असतात. टाकीत तळापासून वरपर्यंत गाळ झालेला असतो आणि कित्येक वर्षे मैलाच नाल्यात जात असतो. टँकरवाला उपसलेला माल कुठे ओततो, हे कुणी विचारत नाही. रात्र पाहून कुठल्या तरी ओढ्यात.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील पाणी आणि स्वच्छता केंद्राला बरोबर घेऊन या दोन नगरपरिषदांनी आधी घरोघर फिरून टाक्यांची नोंद केली: टाकी कुठे आहे, केवढी आहे, टँकरचा पाइप पोचतो का. २०१८ पासून गाव तीन भागांत वाटून दरवर्षी एका भागातल्या सगळ्या टाक्या उपसायच्या, म्हणजे तीन वर्षांत गावातली प्रत्येक टाकी रिकामी, असा क्रम लावला. घरमालकाने त्या वेळी खिशातून पैसे द्यायचे नाहीत, खर्च करातून. सॅनीट्रॅक नावाच्या अॅपवर ठेकेदाराचा माणूस टाकी उपसल्याची नोंद करतो, घरमालक तिथेच पडद्यावर बोटाने सही करतो, टँकर शुद्धीकरण केंद्रात पोचला की तिथला माणूस आपली नोंद करतो. या नोंदींवर ठेकेदाराचे देयक निघते. वाईला दिवसाला सत्तर हजार लिटर गाळ हाताळणारे केंद्र आहे. टँकर ओढ्याकडे वळला तर नोंदींची साखळी तुटते आणि बिल अडते.

या सगळ्यात चमकदार काही नाही, आणि म्हणूनच ते टिकण्याजोगे आहे. मोबाइलवर सही घेणे शाळा सोडलेल्या पोरालाही जमते. नवे काय असेल तर टाकीची पाळी तक्रारीवर न राहता यादीवर गेली. गरिबाच्या गल्लीतली टाकीही पाळी आली की उपसली जाते. यादीला ओळखपाळख लागत नाही.

नागपूरकडूनही एक गोष्ट घ्यावी. भांडेवाडीला शुद्ध केलेले सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना दिले जाते. सांडपाणी विकायचे ठरले, की ते मोजावे लागते. मीटर बंद असला तर पैसे अडतात, म्हणून मीटर चालू राहतो. ज्या मोजणीवर कुणाचे पैसे किंवा कुणाचा जीव अवलंबून नाही, तिचा मीटर सहा महिन्यांत धूळ खातो. हे भिलाईच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागातून निवृत्त झालेला कुणीही सांगेल. तो हेही सांगेल, की पंपाचा अँपिअर आणि चाललेले तास रोज लिहिले तरी निम्मे दुखणे कळते. प्रवाह पडलेला असून पंप तासन्‌तास चालतो, म्हणजे आत चिंधी किंवा प्लॅस्टिक अडकले. पहाटे तीनला, सगळे झोपलेले असताना, वाहिनी भरून वाहते, म्हणजे फुटक्या सांध्यातून जमिनीतले पाणी आत येते आहे. पाऊस पडताच प्रवाह तिपटीने वाढतो, म्हणजे कुणी तरी गच्चीचे पाणी गुपचूप ड्रेनेजला जोडले आहे. यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. वही लागते, आणि ती वाचणारा.

केंद्र सरकारच्या २०२३ च्या नमस्ते योजनेत गटार आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या कामगारांची नोंदणी करून त्यांना सुरक्षा साधने आणि आरोग्य विमा देण्याची तरतूद आहे. गेल्या कित्येक दशकांत या माणसांची यादीच कुणाकडे नव्हती. कंत्राटदाराच्या वहीत आज एक, उद्या दुसरा. चेंबरांची यादी, टाक्यांची यादी आणि माणसांची यादी एकाच नकाशावर आली, तर कुठल्या चेंबरवर कोण, कुठल्या साधनांनिशी आणि आधी वायू मोजून गेला का, हे काम सुरू होण्यापूर्वी तपासता येईल. वायूची नोंद नाही तर कामाची परवानगी नाही. कारखान्यात गरम कामाला आणि बंदिस्त जागेला लेखी परमिट लागते, हे इथल्या प्रत्येक घरात कुणाला ना कुणाला ठाऊक आहे. कुंपणाबाहेर ते लागू नये, याला सबळ कारण अजून कुणी दिलेले नाही.

भिलाई-चरोदा महापालिकेला आणि इथल्या नागरिकांना या व्याख्यानाच्या निमित्ताने एवढेच मागणे आहे. नवा पडदा, नवे अॅप, नवी निविदा यांआधी एक वॉर्ड निवडावा. त्यातल्या टाक्या आणि चेंबर मोजावेत, लेव्हलिंगच्या यंत्राने नाल्यांचा उतार घ्यावा. हे काम करताना निवृत्त मुकादम आणि कारखान्यातून निवृत्त झालेले इन्स्ट्रुमेंटेशनवाले यांना मानधन देऊन सोबत घ्यावे, आणि तयार झालेला नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर सर्वांना वाचता येईल असा लावावा. सफाई पथकाला चार वायूंचे एक यंत्र द्यावे आणि ते वापरल्याशिवाय झाकण उघडू नये असा लेखी आदेश काढावा. पाऊस इथे जूनच्या मध्यावर येतो. दिवाळीनंतर सुरुवात केली तर त्याआधी एका वॉर्डाचे काम पुरे होऊ शकते.